मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) म्हणतं 'हे आमच्या कक्षेत नाही'. आता अप्पांची केस कुठे न्यायची?

अप्पांची_लेक

नमस्कार. थोडं लांब लिहितेय. मागे दोन ओळींत विचारलं होतं तेव्हा सगळ्यांनी "आधी नेमकं काय झालं ते सांगा" असंच म्हटलं होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, आरोग्य खात्यात होते. १९८८ साली हिवताप योजनेत हंगामी फवारणी कर्मचारी म्हणून लागले. १९९३ला आरोग्य सेवक म्हणून कायम झाले आणि ३१ मे २०२१ला आरोग्य सहाय्यक म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सातपुड्याच्या पायथ्याला, आदिवासी पाड्यांवर. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढे पायी. घरोघरी जाऊन कुणाला ताप आहे का विचारायचं, बोटातून रक्त काढून काचपट्टीवर घ्यायचं, घराच्या भिंतीवर भेटीची तारीख टाकायची. मी लहान असताना एकदा त्यांच्यासोबत गेले होते. एका झोपडीच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरातल्या अकरा तारखा मोजल्याचं मला आठवतं.

आदिवासी भागात काम केल्यामुळे त्यांना एकस्तर वेतनश्रेणी, म्हणजे एक पायरी वरची वेतनश्रेणी, मिळत होती. निवृत्तीनंतर साडेतीन महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२१ला, ऑफिसचं पत्र आलं: आश्वासित प्रगती योजनेचा (बढती न मिळताही ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी) लाभ देताना २००६ साली वेतननिश्चिती चुकली, तेव्हापासून जादा पगार गेला, सबब ३,१२,६४० रुपये उपदानातून (ग्रॅच्युइटीतून) वसूल करण्यात येत आहेत. वसूल करणार, असं नाही. करूनच टाकले होते. अप्पांना त्याआधी एक नोटीस नाही की फोन नाही. वेतननिश्चितीचा तक्ता काही अप्पांनी केला नव्हता. त्यांना पगारपत्रकावर सही करायची एवढंच माहीत.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, सरकारी नोकर म्हणजे मॅट. ऑगस्ट २०२२ला संभाजीनगरला मूळ अर्ज दाखल केला. तारखा पडत गेल्या. दीड वर्षाने समोरच्यांचं शपथपत्र आलं आणि त्यात चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं, की अर्जदार जिल्हा परिषदेचे कर्मचारी असल्याने न्यायाधिकरणाला हा अर्ज ऐकण्याचा अधिकार नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये तेच मान्य झालं. अर्ज निकाली, योग्य त्या ठिकाणी दाद मागण्याची मुभा. वसुली बरोबर की चूक यावर एक अक्षर नाही. एप्रिलमध्ये अप्पांची अँजिओप्लास्टी झाली आणि ते सगळं मागे पडलं. आता ऑक्टोबर उजाडला.

मला समजत नाहीये ते असं. अप्पांचा पगार सरकारी अनुदानातून, नियम सरकारचे, वेतन आयोग सरकारचा, मग ते सरकारी नोकर नाहीत म्हणजे काय? चुकीच्या जागी अडीच वर्षं गेली, ती आमच्याच नावावर लागणार का? आणि अप्पा आता माझ्याकडे पुण्यात राहतात, तर केस मुंबईला करता येईल का? या प्रकृतीत त्यांना संभाजीनगरपर्यंत नेणं मला नको वाटतं.

पैशांपेक्षाही एक गोष्ट बोचते. निकालाच्या दिवशी घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "म्हणजे मी तेहतीस वर्षं कुणाचा होतो?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला अजून सुचलेलं नाही.

दगडी_चाळ_नाही_वाडा

ताई, मला वाटतं वकिलांनी बरोबरच केलं होतं. पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून म्हणजे राज्य सरकारी कर्मचारी, हा साधा हिशेब आहे. न्यायाधिकरणाच्या आदेशाविरुद्ध हायकोर्टात जा, तिथे तो फिरेल.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

वरच्या भावांचं म्हणणं बरोबर नाही, आणि त्या वाटेने गेलात तर अजून दोन वर्षं जातील, म्हणून सविस्तर लिहितो. मी जिल्हा परिषदेच्या सामान्य प्रशासन विभागात आस्थापनेच्या टेबलावर बावीस वर्षं काढली, शेवटी कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. अशी चुकलेली प्रकरणं माझ्या हातून पुष्कळ गेली आहेत. कोर्टाकडून परत आलेला कागद आमच्याच टेबलावर यायचा.

पगार कुठून येतो यावर काही ठरत नाही. अनुदानित खाजगी शाळेतल्या मास्तरांचा पगारही सरकारच देतं, पण त्यांना कामावरून काढलं तर ते ना मॅटमध्ये जातात ना थेट हायकोर्टात. त्यांच्यासाठी १९७७च्या कायद्याने शाळा न्यायाधिकरण आहे आणि अपिलाला मुदत फक्त तीस दिवसांची. त्याच गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींना ते न्यायाधिकरण लागू नाही. एसटीचा कंडक्टर कामगार न्यायालयात किंवा औद्योगिक न्यायालयात. पोस्टातला, रेल्वेतला, आयकर खात्यातला माणूस कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात. आणि जिल्हा न्यायालयातला शिपाई यांपैकी कुठेच नाही, कारण न्यायालयांचे कर्मचारी १९८५च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यातून वगळलेले आहेत. त्याला हायकोर्टच.

तुम्ही एखाद्या ग्रामपंचायतीच्या इमारतीत गेलात तर एका खोलीत तलाठी बसतो, शेजारच्या खोलीत ग्रामसेवक. आता दोघांची पदनामं बदलली, पण लोक जुनंच म्हणतात. दोघांचा वेतन आयोग एकच, महागाई भत्ता एकच, सुट्ट्या त्याच. पण तलाठी महसूल खात्याचा, म्हणजे राज्याच्या नागरी सेवेतला. त्याची बदली, बढती, एवढंच काय भरतीचा वादसुद्धा मॅटमध्ये. ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा, १९६१च्या अधिनियमाखाली जी जिल्हा सेवा आहे तिच्यातला. तो हायकोर्टात. मधली भिंत नऊ इंचांची असते, पण कायद्याच्या लेखी ते दोन वेगळ्या मालकांचे नोकर.

आरोग्य खात्यात तर गुंता जास्तच आहे, म्हणून तुमच्या वकिलांना मी फार दोष देणार नाही. एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी राज्य सेवेतला, म्हणून मॅट. हिवताप कार्यालयाच्या आस्थापनेवरचा आरोग्य कर्मचारी राज्याचा, मॅट. जिल्हा परिषदेचा आरोग्य सेवक आणि आरोग्य सेविका, हायकोर्ट. तिघं एकाच गाडीतून लसीकरणाला जातात. तुमचे अप्पा सुरुवातीला हिवताप योजनेत होते असं लिहिलंय, बहुधा तिथेच घोळ झाला असावा.

घरबसल्या खात्री करायची असेल तर तीन कागद काढा. पहिला, १९९३चा नेमणूक आदेश. त्यावर सही कुणाची? मुख्य कार्यकारी अधिकारी किंवा जिल्हा आरोग्य अधिकारी असतील तर जिल्हा परिषद. सहाय्यक संचालक, हिवताप असतील तर राज्य. दुसरा, भविष्य निर्वाह निधीची वार्षिक स्लिप. वर्ग तीनच्या राज्य कर्मचाऱ्याचा फंड महालेखाकारांकडे, म्हणजे एजी ऑफिसात असतो, आमच्या लोकांचा जिल्हा परिषदेच्याच वित्त विभागात. तिसरा, पेन्शन कुणी मंजूर केली. राज्याची पेन्शन केस एजीकडे जाते, जिल्हा परिषदेची तिथेच मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांकडे संपते. हे तीन कागद एकमेकांशी जुळले की न्यायालयाचा पत्ता आपोआप कळतो. पदनामावरून ठरवू नका. "आरोग्य सेवक" हे नाव दोन्हीकडे सापडतं.

आणि मिळालं तर सेवा पुस्तकाचं पहिलं पान आणि १९९३च्या आसपासच्या नोंदी मला सांगा. फोटो टाकू नका, त्यावर जन्मतारीख वगैरे असते. नुसतं लिहून कळवा.

अप्पांची_लेक

काका, मनापासून आभार. कालचा रविवार त्यातच गेला. अप्पांनी सगळे कागद आईच्या जुन्या लुगड्याच्या पिशवीत ठेवलेले, वर्षाप्रमाणे दोऱ्याने बांधून.

१९८८ ते १९९३ हंगामी आदेश हिवताप अधिकाऱ्यांच्या सहीचे आहेत. दर वर्षी जून ते नोव्हेंबर, प्रत्येक वर्षाचा वेगळा. १९९३च्या आदेशावर "मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्या मान्यतेने" असं आहे आणि खाली जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची सही. फंडाच्या स्लिपवर जिल्हा परिषद, वित्त विभाग. पेन्शनच्या आदेशावर एजीचं नाव कुठेच नाही.

म्हणजे कागद पहिल्या दिवसापासून सांगत होते. वकिलांकडे दिलेल्या झेरॉक्समध्ये फक्त हंगामी आदेश आणि वसुलीचं पत्र होतं. १९९३चा आदेश आम्हीच दिला नव्हता, कारण तो फक्त कायम झाल्याचा कागद आहे, त्याचं इथे काय काम, असं आम्हाला वाटलं.

खंडपीठ_वकील

मी संभाजीनगर खंडपीठात सेवाविषयक प्रकरणं चालवतो. काकांनी लिहिलेलं बरोबर आहे, त्याच्या पुढचं सांगतो.

आधी अप्पांचा प्रश्न. मॅटचा अधिकार १९८५च्या कायद्याच्या कलम १५ मधून येतो: राज्याची नागरी सेवा किंवा राज्याच्या अधीन असलेलं नागरी पद. स्थानिक प्राधिकरणाच्या कर्मचाऱ्यांना त्यात आणायचं असेल तर सरकारने उपकलम २ खाली वेगळी अधिसूचना काढावी लागते. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी ती नाही. शेजारच्या गुजरातमध्ये पंचायत सेवेतले लोक राज्याचेच नोकर, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली रमणलाल केशवलाल सोनी प्रकरणात म्हटलं, पण ते तिथल्या पंचायत कायद्याची रचना बघून. तो निकाल उचलून इथे लावता येत नाही. तेव्हा अप्पांना सांगा, तुम्ही जिल्हा परिषदेचे होतात, आणि जिल्हा परिषद घटनेच्या बाराव्या अनुच्छेदाप्रमाणे 'राज्य'च आहे. म्हणूनच तिच्याविरुद्ध रिट, म्हणजे थेट हायकोर्टातली याचिका, चालते. ते कुणाचेच नव्हते असं नाही. फक्त त्यांच्यासाठी दार दुसरं होतं.

मॅटच्या आदेशाविरुद्ध रिट करून तो फिरवायच्या फंदात पडू नका. मुद्दाम सांगतो, कारण १९९७च्या चंद्रकुमार निकालापासून न्यायाधिकरणाचा प्रत्येक आदेश हायकोर्टाच्या द्विसदस्यीय खंडपीठापुढे नेता येतो आणि लोकांना तीच सवय लागली आहे. त्याआधी मॅटमधून थेट दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जावं लागायचं, आणि तो खर्च वर्ग तीनच्या माणसाला कुठून परवडणार? पण तुमच्या प्रकरणात मॅट चुकलेलं नाही. अधिकार नसताना दिलेला निकाल मुळातच शून्य असतो, हे १९५४च्या किरणसिंग निकालापासून पक्कं आहे, आणि तो मुद्दा कधीही, अगदी निकालाच्या अंमलबजावणीच्या टप्प्यावरही, उचलता येतो. समजा समोरच्यांनी चौथा परिच्छेद लिहिलाच नसता आणि तुम्ही जिंकला असतात. पैसे परत घ्यायच्या वेळी त्यांनी हाच आक्षेप काढला असता. मग अडीच नव्हे, पाच वर्षं गेली असती.

थेट वसुलीच्या पत्रालाच आव्हान देणारी नवी रिट याचिका करा. मॅटचा निकाल सोबत जोडा, पण आव्हान त्याला नको.

मुदतीबद्दल. रिटला ठरावीक मुदत नाही, विलंबाचा खुलासा मात्र द्यावा लागतो. मुदत अधिनियमाच्या कलम १४ मागे जे तत्त्व आहे, की माणूस प्रामाणिकपणे आणि नेटाने चुकीच्या न्यायालयात लढत होता तर तेवढा काळ वजा धरावा, ते न्यायालयं रिटमध्येही लक्षात घेतात. त्यासाठी दोन गोष्टी ठळक लिहा: मूळ अर्ज वर्षाच्या आत, म्हणजे मॅटच्या स्वतःच्या मुदतीत दाखल झाला होता, आणि न्यायाधिकरणाने योग्य ठिकाणी जाण्याची मुभा दिली आहे. मॅटचे अडीच वर्षं मला फार अवघड वाटत नाहीत. फेब्रुवारी ते ऑक्टोबरचे आठ महिने जपावे लागतील. अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, पुढच्या तपासण्यांच्या चिठ्ठ्या, सगळं जोडा. आणि कृपा करून या काळात ऑफिसला अजून एक विनंती अर्ज देऊन त्याच्या उत्तराची वाट बघू नका. निवेदनांमागून निवेदनं दिल्याने मुदत वाढत नाही, हे घटनापीठाने १९८९ साली एस. एस. राठोड प्रकरणात सांगितलं आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या सहा जणांच्या फाइलीत निवेदनांच्या पोचपावत्याच असतात.

आता जागा. कॅटमध्ये निवृत्त माणसाला तो राहतो तिथल्या खंडपीठात अर्ज करता येतो, तशी सोय त्यांच्या नियमात आहे. हायकोर्टात तसं नाही. वादाचं कारण जिथे घडलं तो जिल्हा बघतात. खानदेशातले जळगाव, धुळे आणि नंदुरबार औरंगाबाद खंडपीठाकडे आहेत, नाशिक मात्र मुंबईकडे. अप्पा पुण्यात राहतात म्हणून केस मुंबईला येणार नाही. पण त्यांना आणायची गरजही नाही. रिट शपथपत्रांवर चालते. प्रतिज्ञापत्रावरची सही पुण्यातच नोटरीसमोर होईल. तारखेला याचिकाकर्त्याने उभं राहायचं नसतं.

आधी विभागीय आयुक्तांकडे अपील केलं का, असा प्रश्न समोरून येऊ शकतो. ते अपील शिक्षेच्या आदेशासाठी असतं, १९६४च्या शिस्त व अपील नियमांखाली. तुमची वसुली ही शिक्षा नाही, वेतननिश्चितीची दुरुस्ती म्हणून केलेली आहे. हे याचिकेतच एका परिच्छेदात लिहून ठेवा.

मूळ मुद्द्यावर तुमची बाजू भक्कम आहे. रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर २०१४चा निकाल. वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम मिळत आलेले, यांच्याकडून वसुली करता येत नाही. अप्पा या तिन्हीत बसतात. २ मे २०२२च्या थॉमस डॅनियल निकालात तर निवृत्त शिक्षकाचं प्रकरण होतं. कर्मचाऱ्याने फसवणूक केलेली नसेल, चूक कार्यालयाची असेल, तर वसुली नको, हेच पुन्हा सांगितलं आहे. एकच धोका. वेतननिश्चितीच्या वेळी "जादा रक्कम गेल्यास परत करीन" असं वचनपत्र अप्पांनी लिहून दिलं होतं का? २०१६च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन समोरचे तेच पुढे करतात. ते प्रकरण न्यायिक अधिकाऱ्याचं होतं, वर्ग तीनच्या माणसाचं नव्हतं, असा युक्तिवाद करता येतो. पण सेवा पुस्तकात तसा कागद आहे का ते आम्हाला आधी कळायला हवं, सुनावणीच्या दिवशी नको. माहितीच्या अधिकारात संपूर्ण सेवा पुस्तकाची प्रत मागा, आजच.

निवृत्त_कक्ष_अधिकारी

वकीलसाहेबांनी वचनपत्राचं काढलं ते फार बरं झालं. सहाव्या वेतन आयोगाच्या वेळी आम्ही विकल्पाच्या नमुन्यासोबत ते छापील वचनपत्र सगळ्यांकडून सरसकट घ्यायचो. माणूस पाड्यावर असला तर मुकादम गठ्ठा घेऊन जायचा आणि सह्या आणायचा. वाचून कुणी सही केल्याचं मी पाहिलेलं नाही. आम्हीही वाचून दाखवलं नाही. आज त्याचं वाईट वाटतं.

अजून एक. वसुली परत मिळाली तर तेवढं उपदान २०२१ पासून उशिरा मिळालं असं होतं. निवृत्तिवेतन नियमांत १२९-अ खाली उशिराच्या उपदानावर व्याजाची तरतूद आहे. विनंतीमध्ये व्याज मागायला विसरू नका. मागितलं नाही तर देत नाहीत.

सावदा_केळीवाला

याच धाग्यात विचारतो, माफ करा. माझा धाकटा भाऊ तलाठी होता, राखीव जागेवर. जात पडताळणी समितीने जमातीचा दावा अवैध ठरवला आणि पंधरा दिवसांत सेवा समाप्तीचा आदेश आला. तलाठी म्हणजे मॅट, एवढं वर वाचून कळलं. मग समितीचा आदेशही तिथेच नेता येईल ना?

खंडपीठ_वकील

नाही, आणि हे तातडीचं आहे. समितीच्या आदेशाला २००१च्या जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम ७(२) प्रमाणे फक्त हायकोर्टात आव्हान देता येतं. मॅट त्याला हात लावू शकत नाही. सेवा समाप्तीचा आदेश मॅटच्या कक्षेतला, पण तो समितीच्या आदेशावरच उभा आहे. नुसतं मॅटमध्ये गेलात तर "आधी तिकडचं ठरू द्या" हेच ऐकायला मिळेल. पहिलं पाऊल हायकोर्ट. समितीच्या आदेशाला स्थगिती मिळाली की पुढचं बोलता येतं. भावाला उद्याच कुणा वकिलाकडे पाठवा. समितीपुढे दाखल केलेले आजोबा-पणजोबांचे जुने शाळेचे आणि महसुली दाखले, आणि दक्षता पथकाचा अहवाल, सगळं सोबत.

अंगणवाडी_मदतनीस_ताई

आम्हाला पण कुणीतरी मॅटमध्ये जा म्हणून सांगितलं होतं. आमचं काय?

खंडपीठ_वकील

ताई, मॅट नाही. अंगणवाडी सेविका राज्याचं नागरी पद धारण करत नाहीत, त्यामुळे प्रशासकीय न्यायाधिकरणाला त्यांचे अर्ज ऐकता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली कर्नाटकच्या अमीरबी प्रकरणात ठरवलं. पण त्याचा अर्थ तुम्हाला हक्क नाहीत असा लावू नका. २०२२ साली गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने उपदान कायद्याप्रमाणे सेविका आणि मदतनिसांना उपदान मिळालं पाहिजे असं सांगितलं. तुमचा नेमका प्रश्न काय आहे ते वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहा, मी बघतो.

मिरजेहून

एक सांगू का, कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल. माझी बायको सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वेतनश्रेणीच्या वादासाठी आम्ही मुंबईला रिट करायच्या तयारीत होतो, कागद टाइप झाले होते. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे तिकडे. आता सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी परत येतो. जुन्या माहितीवर कुणी मुंबईला जाऊ नये म्हणून लिहिलं.

अप्पांची_लेक

आज परत लिहितेय, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज सोमवारी रजिस्टर पोस्टाने पाठवला. वचनपत्राबद्दल अप्पांना विचारलं. आठवत नाही म्हणाले, मग बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मुकादम आला होता एकदा पावसात. सात-आठ जागी सह्या घेतल्या. मी हात धुऊन आलो होतो, रक्ताच्या काचा पुसत होतो, म्हणून आठवतं." काका, तुम्ही लिहिलंत तसंच. म्हणजे कागद असणार असं धरूनच चाललोय, आणि वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे त्याचं उत्तर याचिकेतच आधी लिहून घेणार आहोत.

संभाजीनगरमधल्या एका वकीलबाईंशी फोनवर बोलणं झालं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नेमणूक आदेशावर सही कुणाची?" मला तेव्हा किती धीर आला ते सांगता येत नाही. कागद स्कॅन करून पाठवलेत. यावेळी १९९३चा आदेश सगळ्यात वर ठेवला. प्रतिज्ञापत्र गुरुवारी इथेच कोथरूडला नोटरीकडे होईल, व्याजाची मागणीही त्यात आहे.

अप्पांना मी वकीलसाहेबांचं उत्तर वाचून दाखवलं, जिल्हा परिषदेचे होतात आणि दार दुसरं होतं, ते. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "मग दाराचा नंबर नेमणुकीच्या कागदावरच घालून द्यायला पाहिजे होता ना." मलाही ते पटलं. आदेशाच्या तळाशी दहा अटी असतात, वैद्यकीय तपासणीपासून लहान कुटुंबापर्यंत. अकरावी ओळ, की आपल्या सेवेबाबतची दाद अमुक न्यायालयात, एवढी घालायला कितीशी शाई लागते? इथे कुणी अजून आस्थापनेच्या टेबलावर काम करत असेल तर निदान निवृत्तीच्या किंवा वसुलीच्या पत्राखाली ती ओळ टाइप करता येईल का ते बघा, अशी विनंती आहे.

याचिकेला नंबर पडला की कळवते.